मध्यंतरानंतर

भुसावळला तीन दिवसांचा जुन्या सिनेमांचा महोत्सव,
अकरा वर्षं कुलूप असलेल्या ताप्ती टॉकीजमध्ये.
पत्रक अण्णांनीच मिळवलं पेपरवाल्याकडून,
चार घड्या घालून ठेवलं चष्म्याच्या डबीत.
म्हणाले, "यातले पाच मी पाह्यले.
म्हंजे, अडीच."

मालगाडीचे गार्ड होते अण्णा. चौतीस वर्षं.
सिनेमाला बसायचे ते काळ्या पेटीसकट,
आणि मध्यंतराच्या आगेमागे
नायिकेच्या कपाळावर आडवी उमटायची
काचेच्या पट्टीवरची शाईची अक्षरं:
गार्ड नेहेते, बाहेर या.
लोक शिट्ट्या मारायचे.
बाहेर कॉलबॉय सायकल धरून उभा.
खंडव्याकडे, नाही तर बडनेऱ्याकडे
निघून जायचा अर्धा सिनेमा.

उरलेला अर्धा आम्हाला मिळायचा, घरी,
तिसऱ्या दिवशी, अण्णांची झोप झाल्यावर,
कळण्याची भाकरी मोडता मोडता.
शेवट ते स्वतः रचतात
हे आम्हाला फार उशिरा कळलं.
खरं तर लवकर कळायला हवं होतं,
कारण प्रत्येक शेवटात एक गार्ड असायचा.
पौराणिकातसुद्धा.
रथ भरधाव सुटलेला, आणि वाटेत हा, दिवा घेऊन.
"मंग त्यानं लाल दाखवला, न् थांबलं सगळं."
की आई म्हणायची, झोपा आता.

दुपारच्या खेळाला आम्ही अठ्ठावीस माणसं. मी मोजली.
फेगडे सर प्रिंट कुठे सापडली ते सांगत होते,
मागे कुणी तरी केळीचे वेफर उघडले
आणि भाषण तिथंच संपलं.
वर केबिनमध्ये सुभान तडवी,
यावलहून नातवाच्या मोटरसायकलवर मागे बसून आलेले.
त्यांनी भोकातून बॅटरी दोनदा मिचकावली, अण्णांसाठी.
खुर्च्यांना रेक्झिन नवं. ढेकूण जुने.
"वळखीचे हायेत," अण्णा म्हणाले.

पडद्यावर ओरखडे, त्यांच्यामागे एक लहानसं स्टेशन,
एक बाई, हातात साळुंकीचा पिंजरा.
मधेच यार्डातून भोंगा आला, खरा,
अंधारात अण्णा पुटपुटले, "लोड जास्ती हाये."

मध्यंतर झालं.
कुणी बोलावलं नाही.
अण्णा पांढऱ्या पडद्याकडे बघत राहिले,
सगळे चहाला जाऊन आले तरी.
मी आणलेला कप त्यांच्या हातात तसाच, साय धरलेला.

नंतरचा भाग त्यांनी निम्मा पाहिला असेल.
बाई प्लॅटफॉर्मवर धावू लागली
तेव्हा ते उठले.
"कुठे?"
"ड्युटी," म्हणाले. वय एक्याऐंशी.
"तू बस. पाहून घे."
आणि खुर्च्यांच्या पाठी धरत, वाघिणी मोजाव्या तशा
एकेक ओळ मोजत निघून गेले.

मी पाहिलं.
गाडी थांबली नाही.
बाई धावली, मग चालली, मग नुसती उभी,
पिंजऱ्यातली साळुंकी तेवढी इकडून तिकडे.
शेवटच्या डब्याला एक टिमटिमता ठिपका
आणि दाराशी काही तरी,
माणूस असेल, किंवा ओरखडा.
नीट बघेपर्यंत दिवे लागले.

अण्णा बाहेर, सायकल स्टँडच्या पत्र्याखाली.
"मंग?"
मी चपलेतला खडा काढत राहिले जरा वेळ.
"गार्ड व्हता?"
"होता. पाठमोरा."
"दिवा?"
"लाल," मी म्हटलं.
काळ्यापांढऱ्या सिनेमात.
"मंग थांबली असीन."
त्यांनी मनगट वळवून घड्याळ पाहिलं
आणि वेळ सांगितली मोठ्यानं,
पाच वाजून अडतीस मिनिटं,
कुणी तरी लिहून घेत असल्यासारखी.